रुमालाखालचा सौदा

मामांच्या पायाला हात लावायचा तर आधी खोलीतली भांडी बाहेर न्यावी लागत. तांब्या, पेला, काठी, जे हाताला लागेल ते मामा फेकून मारत. बाकी सगळं विसरले तरी नेम धरायला विसरले नव्हते. माझ्या कपाळावरचं टेंगूळ बघून शेजारची मनुबाई हळूच विचारून गेली, "नवऱ्यानं मारलं व्हय गं राणी?" मी म्हटलं, "न्हाई, सासऱ्यानं. नवरा शिरवळात असतोय, त्याचा हात एवढ्या लांब पोचत न्हाई."

मामा म्हणजे माझे सासरे, तात्याबा. आमचं गाव आटपाडीच्या पलीकडं, माळावर. मामांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले. मामांनी मात्र मेंढरं राखण्यापेक्षा ती विकून देण्यात डोकं घातलं आणि आटपाडीच्या बाजारात दलाल झाले. मेंढराच्या पाठीवर नुसता हात फिरवून ते वजन सांगत आणि जबडा उघडून वय सांगत. बाजारात त्यांच्या शब्दाला मान होता. घरात तर विचारूच नका.

मग विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले. शेवटी घर गेलं, म्हणजे घर जागेवरच होतं, पण ओट्यावर बसून मामा म्हणायचे, "मला घरी सोडा की कुणीतरी." डॉक्टर याला डिमेन्शिया म्हणतात. गावात कुणी भ्रम म्हणायचं, कुणी करणी. मला ते पाहुणी समजत. एकदा माझी हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, दात बघितले आणि सासूबाईंना म्हणाले, "चार दाती हाय. घ्याय हरकत न्हाई." सासूबाई, म्हणजे आमच्या बयाबाई, पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. हसण्यासारखं होतं तोवर आम्ही पोटभर हसून घेतलं.

पायात बाभळीचा काटा मोडला आणि हसणं थांबलं. अंगात साखर, त्यात काटा तळव्यात खोल गेलेला. मामांना दुखलेलं सांगता आलं नाही, आम्हाला वास आला तेव्हा कळलं. मिरजेला दवाखान्यात नेलं. तिथल्या सर्जननी जखम साफ केली आणि स्पष्टच सांगितलं, रोज धुऊन पट्टी बदलली पाहिजे, रोज म्हणजे रोज. पुढच्या खेपेपर्यंत जखम भरायला लागली नाही तर पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल.

माझा नवरा विश्वजित सुट्टी घेऊन आला होता. तो बाहेर बाकावर बसून म्हणाला, "राणे, काढू दे पाय. जीव तर वाचंल आबांचा." तो वाईट नाही. पण बापानं त्याला 'पाव्हणं' म्हणून हाक मारल्यापासून त्याच्यातलं काहीतरी विझलं होतं. बाप गेलाच, आता अंग तेवढं सांभाळायचं, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

मला मात्र ते पटेना. पाय कापला हे मामांच्या ध्यानात कसं राहणार? रोज सकाळी ते नसलेल्या पायावर उभे राहणार, रोज पडणार आणि रोज नव्यानं किंचाळणार. जन्मभर पायी चाललेला माणूस. पाय वाचला पाहिजे होता. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

दवाखान्यात पहिली पट्टी बदलताना मामांनी एका वॉर्डबॉयच्या थोबाडीत मारली, म्हणून त्यांचे हात खाटेला बांधले. बाजारात शेरडाचे पाय बांधतात तसे. मामा ओरडले नाहीत, डोळे मिटून रडले. मी तिथं जो दंगा केला तो ऐकून शेजारच्या वॉर्डातून एक डॉक्टरीणबाई आल्या. चारुशीला त्यांचं नाव, विसरण्याच्या आजाराचंच काम बघायच्या. त्यांनी आधी बंधनं सोडली आणि मग मला बाजूला घेतलं.

"काय चाललंय ते त्यांना कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण आपल्यावर कुणी जबरदस्ती करतंय हे पक्कं कळतं. म्हणून ते लढतात. त्यांचा होकार मिळवा. कसा, ते मला सांगता येणार नाही. त्यांना तुम्ही ओळखता, मी नाही."

होकार म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाला आपण जेवलो की नाही हे आठवत नाही, त्याचा होकार कुठून आणायचा? एसटीत बसून मी आटपाडी येईपर्यंत त्या बाईला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

घरी आल्यावर सगळं करून बघितलं. गोड बोलले, दटावलं, देवाची शपथ घातली, झोपेत असताना करायला गेले. सासूबाईंचे डोळे अधू, त्यांना पट्टी जमायची नाही, त्या नुसत्या हात धरायच्या आणि मार खायच्या. दोन दिवसांआड कशीबशी एकदा पट्टी व्हायची, तीही झटापट करून. जखम काही हलेना.

अशातच नाथाजी आले. नाथाजी म्हणजे बाजारातले मामांचे जुने वैरी. वैरी म्हणजे दोघंही दलाल, एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचे आणि संध्याकाळी एकाच किटलीतला चहा प्यायचे. आजार कळून पुष्कळ दिवस झाले होते, पण भेटायचा धीर होत नव्हता म्हणाले. आले आणि मामांसमोर मांडी घालून बसले.

"तात्या, वळाकलंस का?"

मामा भिंतीकडं बघत राहिले. नाथाजींनी घसा खाकरला, इकडं तिकडं बघितलं. मग काय बोलावं ते सुचेना म्हणून की काय, खांद्यावरचा टॉवेल काढला, दोघांच्या मधे पसरला आणि खालून हात घालून मामांचा हात धरला.

आमच्याकडच्या बाजारात भाव असा ठरतो. चारचौघांत तोंडानं बोलायचं नाही. टॉवेल, रुमाल, पटक्याचा शेव, काहीही टाकायचं आणि त्याच्याखाली बोटं दाबून बोलायचं. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. बघणाऱ्याला काही कळत नाही. दोघांनाच कळतं.

मामांची मान वळली. टॉवेलाखाली काहीतरी हललं. मामांनी तोंड वाकडं केलं आणि मान झटकली. नाथाजींनी परत बोटं दाबली. मामांच्या कपाळावर ती आठी उठली, जी मी दोन वर्षांत बघितली नव्हती. त्यांचे डोळे बारीक झाले. ते नाथाजींकडं बघत होते, अगदी समोरच्या माणसाकडं बघतात तसे.

"आरं जा," मामा म्हणाले, "एवढ्यात शेपूट बी ईत न्हाई."

नाथाजी हसता हसता रडायला लागले. "वैनी," सासूबाईंना म्हणाले, "म्हातारा कुटं गेला न्हाई. हितंच हाय. एक बोट सोडत न्हाई अजून."

माझ्या हातात चहाची कपबशी होती, ती मी तशीच खाली ठेवली. डॉक्टरीणबाईंचं बोलणं डोक्यात लख्ख झालं. होकार कसा मिळवायचा ते समोर बसलं होतं.

"नाथाजी, मला शिकवा," मी म्हटलं.

नाथाजी दचकले. "आगं पोरी, बायका रुमालाखाली हात घालत न्हाईत."

सासूबाई तर उठून उभ्याच राहिल्या. "राणे, सुनंनं सासऱ्याचा हात धरायचा? तेबी फडक्याखाली? लोक शेण घालतील तोंडात."

"आत्या, लोक मामांना पाय द्याय येणार हाईत का?"

मामांसमोर डोक्यावरचा पदर घसरला तरी मी जीभ चावायची, हे सासूबाईंना माहीत होतं, आणि हे मी सहज बोलले नव्हते हेही. त्या आत गेल्या, ट्रंक उघडली आणि मामांचा बाजाराचा लाल रुमाल आणून माझ्या मांडीवर टाकला. "धर. त्येला दुसऱ्याच्या टावेलाची सवय न्हाई."

नाथाजींनी तिथंच शिकवणी घेतली. माझा हात धरताना ते इतके लाजले की सासूबाईंना मधे बसावं लागलं. बोटं शिकले. सौदा पटला की हातावर टाळी द्यायची, मग इसार म्हणून रुपया टेकवायचा, हेही शिकले. एकदा इसार घेतला की दलाल जनावर अडवत नाही, मग स्वतः देव आला तरी शब्द फिरत नाही, असं नाथाजींनी छाती ठोकून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी गरम केलं, पट्टीचं सामान मांडलं आणि मामांसमोर बसले. रुमाल टाकला. हात खाली नेला. मामांचा हात लागला, खरखरीत आणि ऊन.

"मामा, पाय धुवायचाय. बोला, काय घ्याल?"

मामांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग माझी बोटं धरली. पूर्ण पंजा आणि वर दोन बोटं. सात. सातशे की सात हजार कोण जाणे, मला काय करायचं होतं! माझा आनंद गगनात मावेना. "दिलं!" मी ओरडले आणि टाळी द्यायला हात वर काढला.

मामांनी हात आखडून घेतला. संशयानं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या पायाकडं, आणि पाय पोटाशी ओढून घेतला. पुढं मी हात लावायला गेले तर परातीतलं पाणी माझ्या अंगावर आलं.

नाथाजींना फोन केला तर ते पलीकडून डाफरले. "पैल्या बोलीला हो म्हनतंय का कोण येडी? त्यो म्हननार, काय तरी डाव हाय. न्हाईतर माल हलका हाय म्हणून ही लगीच घेतीया. पोरी, घासाघीस कर. नाकं मुरड. उठून चालाय लाग. त्याला जिंकू दे, पण झगडून जिंकू दे."

मी ओल्या लुगड्यानं ओट्यावर बसून विचार केला. आजवर आम्ही मामांना एकतर हुकूम सोडत होतो, नाहीतर लहान मुलासारखं हो ला हो करत होतो. दोन्हीत त्यांची गरजच नव्हती. भांडायला माणूस लागतो, आणि तो माणूस म्हणून आमच्यापैकी कुणी त्यांना हिशेबात धरलंच नव्हतं.

मग मी पदर खोचला. भांडायला मला कुणी शिकवावं लागत नाही, माहेरी सगळे हेच म्हणतात.

परत रुमाल टाकला. मामांनी सात मागितले. मी दोन बोटं धरली आणि नाक मुरडलं. "ह्यो असला पाय? सुजलेला, वास मारणारा? दोन बी जास्त झालं."

"पाय चांगला हाय," मामा तडकले. "लय चाललाय त्यो. पार कऱ्हाडापतोर जाऊन आलाय."

"गेला असंल तवा. आता काय चालतोय?"

"चालंल. तू बघ तर."

मी तीन केले. ते सहावर आले. मी उठले, परात उचलली आणि दाराकडं चालायला लागले. त्यांनी बोलावलं नसतं तर मी काय करणार होते?

"ए, पाव्हणी!" मागून आवाज आला. "बस. आशी तोंड फिरवून जाऊ नगंस. बोल."

पाचावर सौदा तुटला, म्हणजे ठरला. मामांनी टाळी अशी दिली की माझा तळहात झिणझिणला. मी रुपया टेकवला. त्यांनी तो कनवटीला लावला आणि पाय पुढं केला, दावं सोडून जनावर गिऱ्हाइकाच्या हाती द्यावं तसा.

"ने. तुझा झाला."

मी पाय धुतला. जुनी पट्टी सोडवताना दुखलं असणार, त्यांच्या जबड्याचे स्नायू ताठ झाले, पण पाय हलला नाही. विकलेल्या मालाला दलाल हात लावत नाही. दारात सासूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. मी शेवटची गाठ मारली आणि वर बघितलं तर मामांच्या तोंडावर हसू होतं. सौदा मारून घरी येताना असायचं ते.

त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर रोज सकाळी बाजार भरला. मामांना कालचा सौदा आठवायचा नाही, हे आमच्या पथ्यावरच पडलं, रोज नवा डाव, नवा जोर. अंघोळीचाही सौदा होऊ लागला, गोळीचाही. कधी मी जिंकायची, कधी ते. मनुबाई आणि आणखी दोघी भाजी निवडायच्या निमित्तानं येऊन बसायच्या आणि कुणी किती ताणलं यावर आपसांत वाद घालायच्या. तोंडात शेण घालायला कुणी आलं नाही. उलट मनुबाईनंच एकदा विचारलं, "आमचं म्हातारं बी जेवत न्हाई गं. ते गवंडी हुतं. त्याला काय करू?" मी म्हटलं, त्याच्या हातात थापी देऊन बघ. आणि तिनं दिली. आता तो ताटात भाताची भिंत रचतो आणि रचता रचता जेवतो.

मामांच्या जखमेच्या कडा आधी लाल झाल्या, मग गुलाबी. वास गेला. तळव्यातला खड्डा उथळ होत गेला. रुमालाची गोष्ट मी चारुशीलाबाईंना फोनवर सांगितली होती. मी रोज फोटो काढून त्यांना पाठवत होते आणि त्या रोज उलट प्रश्न विचारत होत्या, आज कितीवर तुटला म्हणून.

मिरजेला जायचा दिवस आला. विश्वजित शिरवळहून परस्पर दवाखान्यात आला. फोटो त्याला पाठवले होते, पण त्याच्या चेहऱ्यावर विश्वास दिसत नव्हता. पाय काढायला सांगितलं तर सही करायची, अशी तयारी करूनच तो आलेला. आम्हाला आत घेतलं. सर्जन पुढं झाले, त्यांनी पट्टीला हात घालताच मामांनी पाय आखडला आणि टेबलावरचा ट्रे ओढला. दोन माणसं धरायला धावली.

"थांबा," चारुशीलाबाई म्हणाल्या. "त्यांना धरू नका." आणि त्यांनी माझ्याकडं हात केला. मी पिशवीतून लाल रुमाल काढून दिला.

त्या मामांसमोर स्टुलावर बसल्या, रुमाल टाकला आणि हात खाली घातला. एवढी मोठी डॉक्टर, पण चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा. मामांनी बोटं धरली. बाईंचं तोंड 'हो' म्हणायला उघडतंय हे मला दिसलं. मी मागून जोरात मान हलवली. त्यांनी तोंड मिटलं, भुवया चढवल्या आणि म्हणाल्या, "छे! एवढे कशाचे?"

मामा खूश झाले. वॉर्डातले लोक जमले. सर्जन हाताची घडी घालून उभे राहिले आणि थोड्या वेळानं तेही पुढं वाकून बघायला लागले. बाई दोनदा उठल्या, दोनदा परत बसल्या. शेवटी टाळी वाजली, रुपया मी पुरवला आणि मामांनी पाय टेबलावर ठेवला.

"ने. तुझा झाला."

सर्जननी पट्टी सोडली. दाबून बघितलं, चष्मा वर करून बघितलं. मी सासूबाईंचा हात धरला होता की त्यांनी माझा, आठवत नाही.

"भरलीय," ते म्हणाले. "पाय राहणार."

मी ओरडले. दवाखान्यात ओरडू नये हे मला माहीत आहे, पण मी ओरडले. सासूबाईंनी मटकन खाली बसून सर्जनना, बाईंना आणि चुकून वॉर्डबॉयलाही नमस्कार केला. चारुशीलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "आता इथं येणाऱ्या प्रत्येक घराला मी औषधांच्या आधी हेच विचारते, आजोबा काय काम करायचे? आजी काय करायच्या? आणि हात बांधणं आमच्या वॉर्डात बंद झालंय."

सर्जननी मऊ तळाची चप्पल लिहून दिली. इथून पुढं ती घातल्याशिवाय एक पाऊलही नाही. विश्वजित धावत जाऊन चप्पल घेऊन आला. आला आणि बापासमोर उभा राहिला, काय करावं ते सुचेना. मग त्यानं माझ्या हातातला रुमाल घेतला.

"मला येत न्हाई," तो मला हळूच म्हणाला. पोरगा शिकावा म्हणून मामांनी त्याला बाजारापासून लांबच ठेवला होता.

"बस तर खाली," मी म्हटलं.

तो जमिनीवर बसला, रुमाल टाकला आणि हात खाली घातला. "आबा, चप्पल घालायची हाय. काय घेणार?"

मामांनी त्याचा हात धरला. आम्ही सगळे आकडा निघायची वाट बघत होतो. पण बोटं दाबली जाईनात. रुमालाखाली मामा तो हात चाचपत होते, एकेक बोट, मग अंगठा, मग मनगट, सावकाश. कुणाशीच त्यांनी असा वेळ लावला नव्हता. मग दुसऱ्या हातानं त्यांनी रुमाल उचलला आणि बाजूला टाकून दिला. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत, पोराचा हात हातात धरून बसले.

"येडा हायस काय रं विशा?" मामा म्हणाले. "घरच्या पोराशी सौदा करत्यात व्हय? घाल की."

विश्वजितनं मान खाली घातली. चप्पल चढवताना त्याला पट्टा दिसत नव्हता, मलाच खाली बसून लावावा लागला. "आणि माझ्याकडनं रोज इसार घेताय ते, मामा?" मी रडत रडत विचारलं. "मी घरची न्हाई व्हय?"

मामांनी माझ्याकडं बघितलं, विचार केला आणि ऐटीत म्हणाले, "तू घासाघीस लय झ्याक करतीस. तुझा सौदा सोडणार न्हाई मी."

मग ते उठले. धरायला गेलेल्या विश्वजितला त्यांनी कोपरानं बाजूला सारलं आणि मिरजेच्या त्या लांबच लांब व्हरांड्यातून स्वतःच्या दोन्ही पायांवर, आमच्या सगळ्यांच्या पुढं चालायला लागले.